आधी निदान, मग औषध

इंदूरला गेलो की कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी थोडा वेळ उभं राहायचं, हा माझा जुना नेम. होळकर राजघराण्याच्या त्या दगडी स्मारकांना लागूनच कान्ह नदी वाहते. जुने लोक तिला खान म्हणतात. सरस्वती तिला इथंच येऊन मिळते. या दोन नद्यांना इंदूरनं गेल्या शतकात जे भोगायला लावलं, त्यावर एक स्वतंत्र लेख होईल. पण यावेळी मी मे महिन्यात तिथं गेलो, तेव्हा नदीपेक्षा एका काचेच्या पेटीतल्या समुद्रानंच मला जास्त गुंतवून ठेवलं.

माझा मावसभाऊ कृष्णपुऱ्यात राहतो. समुद्रापासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या या गृहस्थानं दिवाणखान्यात दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडलेली. त्यात दोन मासे, काही शंख-गोगलगायी आणि मृदू प्रवाळांच्या सात वसाहती. मृदू प्रवाळ म्हणजे खडकासारखा कठीण सांगाडा नसलेले, हाताची बोटं किंवा अळंबीसारखे दिसणारे, पाण्यात डुलणारे प्राणी. मी पोचलो तेव्हा ते डुलत नव्हते. सगळे आक्रसून बसले होते आणि एक तर बुडाशी विरघळायलाच लागला होता.

"दादा, सगळं करून पाहिलं," तो म्हणाला. "लाइट बदलले, खाणं बदललं, दुकानदारानं दिली ती दवाई टाकली. काहीच उपयोग नाही."

त्याचं बोलणं ऐकताना मला इंदूरचाच एक जुना पाहुणा आठवला, पॅट्रिक गेडीस.

गेडीस आपल्याला माहीत असतात ते नगररचनाकार म्हणून. मुंबई विद्यापीठात 1919 साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्रमुख. त्यांच्यानंतर तो विभाग सांभाळला तो आपल्या शेजारच्या मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्ये यांनी. त्याआधी होळकर दरबारानं गेडीस यांना इंदूरला बोलावलं होतं. शहर तेव्हा प्लेग आणि हिवतापानं गांजलेलं होतं. गेडीस गल्लीबोळ पायी हिंडले. 1918 साली दोन खंडांचा अहवाल दरबाराला सादर झाला. नुसती मोठाली, खर्चिक गटारं बांधून रोग जाणार नाही, आधी रोग कुठून येतो ते पाहा, असा त्यांचा रोख होता. उंदीर कुठं राहतात, डास कुठं वाढतात, नदीचं आणि तलावांचं काय झालंय, हे आधी. निदानाआधी उपचार नको, हे त्यांचं सूत्र होतं.

हे सूत्र त्यांनी वैद्यकातून उचललं असलं, तरी बघायची सवय मात्र समुद्रकिनाऱ्यावरची. गेडीस मूळचे जीवशास्त्रज्ञ, हक्सलेंचे विद्यार्थी. फ्रान्सच्या रॉस्कॉफ इथल्या सागरी प्रयोगशाळेत ते काम करत होते. समुद्रफुलासारख्या प्राण्यांच्या शरीरात पिवळसर पेशी दिसतात, त्या कसल्या, हा तेव्हा वादाचा प्रश्न होता. जर्मनीत कार्ल ब्रांट यांनी 1881 साली त्या शैवालाच्या पेशी असल्याचं मांडलं. 1882 साली गेडीस यांनी त्या प्राण्यांना उन्हात ठेवून दाखवलं की त्यांच्यातून प्राणवायू बाहेर पडतो. शैवाल प्राण्याला प्राणवायू आणि अन्न देतं, प्राणी शैवालाला आसरा आणि आपली टाकाऊ द्रव्यं देतो. दोघांचा संसार एकमेकांवर चालतो. त्या पेशींना गेडीस यांनी 'फिलोझून' असं नाव दिलं होतं. शंभराहून अधिक वर्षांनी शास्त्रज्ञांनी ते पुन्हा वापरात आणलं आहे.

माझ्या भावाच्या टाकीतले बरेचसे मृदू प्रवाळही याच भागीदारीवर जगतात. म्हणून उजेड बिघडला की ते आजारी पडतात, हा त्याचा पहिला संशय अगदीच चुकीचा नव्हता. पण उजेडाचा दोष असता तर दिव्याखालचे आणि कपारीतले प्रवाळ सारखेच आक्रसले नसते. शेजाऱ्याच्या विषानं मरत असते, कारण हे प्रवाळ एकमेकांवर विष सोडतात, तर त्रास एका कोपऱ्यातून सुरू झाला असता. माशांच्या औषधातलं तांबं प्रवाळांचा आणि गोगलगायींचा कर्दनकाळ, पण दवाई टाकली ती दुखणं सुरू झाल्यावर. इथं सगळे प्रवाळ एकदम बसले होते, गोगलगायी शिंपल्यात शिरल्या होत्या आणि मासे मात्र मजेत होते.

मी टाकीभोवती फिरलो. काचेच्या काठावर पांढरी खर जमली होती. ती मी बोटानं खरवडली आणि थेट आगरावर पोचलो.

आपल्याकडं मिठागरात काय होतं? मानशीतून भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि उन्हावर सोडायचं. पाणी उडतं, मीठ राहतं. मिठगावड्यांच्या पोरालाही हे ठाऊक असतं.

"उन्हाळ्यात टाकी गार कशी ठेवतोस?" मी विचारलं.

"पंधरा दिवस झाले, वर दोन पंखे लावलेत. पाणी सत्तावीस अंशांच्या वर जात नाही."

"आणि उडालेलं पाणी?"

"रोज तीन लिटर भरतो. मीठ घालूनच. समुद्राचं आहे ना!"

मी कागदावर हिशेब मांडला. लिटरला 35 ग्रॅम मीठ, रोज तीन लिटर म्हणजे 105 ग्रॅम. दोन आठवड्यांत जवळजवळ दीड किलो. दोनशे लिटरात लिटरमागे सात ग्रॅमांनी खारेपणा वाढलेला. इंदूरच्या कोरड्या हवेत पंख्यानं पाणी झपाट्यानं उडतं आणि म्हणूनच टाकी गार होते. उपायानंच रोग आणला होता.

भाऊ मानेना. त्याच्या प्लॅस्टिकच्या मापकाचा काटा बरोबर 1.025 दाखवत होता. मी काटा बाहेर काढला. त्यावर चुन्याचा पापुद्रा चढला होता. काटा जड झाला की वर उठत नाही आणि खारेपणा कमी दाखवतो. त्याच्या एका मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर आणला, तो साध्या शुद्ध पाण्यावर शून्याला जुळवला आणि पाहिलं, तर हजारी 42!

हाडं असलेले मासे शरीरातलं मीठ आवरून धरतात. प्रवाळांना ते जमत नाही. बाहेरचं पाणी जेवढं खारट तेवढं त्यांचं अंगही. म्हणून मासे मजेत आणि प्रवाळ मरणपंथाला.

खारेपणा एकदम उतरवला तर तोही धक्काच. रोज सहा लिटर काढून तेवढंच बिनमिठाचं आरओचं पाणी, असं पाच-सहा दिवस करायला सांगून मी गोव्याला परतलो. जूनमध्ये त्याचा फोन आला. सातांपैकी तीन गेले, चार उघडले. काचेवर त्यानं पाण्याच्या पातळीची रेघ मारली आहे आणि उडालेल्या पाण्याच्या जागी आता साधंच पाणी भरतो. गेलेले तीन कुठल्या समुद्रातून आणले होते, ते दुकानदारालाही सांगता आलं नाही. "दादा, आता नवीन आणत नाही," तो म्हणाला. "हे चार जगले तरी पुष्कळ."