उत्तर कोकणचा अखेरचा शिलाहार राजा

इ. स. १०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत राजा हॅरॉल्ड पडला आणि इंग्लंडमधील अँग्लो-सॅक्सन राज्य संपले, हे तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. परंतु आपल्या ठाणे-उरणच्या खाडीकाठी राज्य करणारा अखेरचा शिलाहार राजा कोण आणि त्याचा शेवट कसा झाला, असे विचारले तर आपण पालक मंडळीही गप्प बसू. त्याचे नाव सोमेश्वर.

शिलाहार घराणे इ. स. ८०० च्या सुमारास राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून उदयास आले आणि साडेचारशे वर्षांहून अधिक काळ उत्तर कोकणात टिकले. ठाण्याला त्यांच्या लेखांत ‘श्रीस्थानक’ म्हटले आहे. अंबरनाथचे शिवालय याच घराण्यातील मुम्मुणीच्या कारकिर्दीतले, शके ९८२ चे. या राज्यात बंदरांना मोठे महत्त्व होते. हिजरी ३०४ मध्ये प्रवासी अल-मसूदी चौलला आला तेव्हा तेथे झंझ शिलाहार राज्य करीत होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे मसूदी लिहितो; कोणी सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, तर कोणी येथेच जन्मलेले. त्यांचे तंटे सोडविण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाकडून नेमला जाई. वाचकहो, आपल्या किनाऱ्याचा हा जुना दाखला ध्यानात असू द्या.

सोमेश्वर गादीवर आला तोपर्यंत दिवस पालटले होते. घाटमाथ्यावर देवगिरीचे यादव प्रबळ झाले होते. कोल्हापूरची शिलाहार शाखा सिंघण यादवाने १२१२ च्या सुमारास बुडविली होती. म्हणजे भाऊबंदांकडून मदत येण्याची आशाही उरली नव्हती. तरीही राज्याचा कारभार चालूच होता. उरणजवळच्या रानवड आणि चांजे या गावी सोमेश्वराचे शके ११८१ व ११८२ चे शिलालेख मिळाले. चांज्याच्या लेखात एका बागेचे १६२ द्रम्मांचे ठरलेले उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वराला दिल्याची नोंद आहे. (द्रम्म म्हणजे त्या काळचे नाणे.) १६२, ना एक कमी, ना एक जास्त! बागेच्या उत्पन्नाचा इतका चोख हिशेब ठेवणारे हे राज्य पाचेक वर्षांतच नाहीसे व्हायचे होते.

इ. स. १२६१ मध्ये महादेव यादव देवगिरीच्या गादीवर बसला. त्याने हत्तींसह मोठे सैन्य कोकणात उतरविले. जमिनीवर सोमेश्वर हरला आणि गलबतांवर चढून समुद्रात गेला. घाटावरचे सैन्य पाण्यावर काय करणार, असा त्याचा हिशेब असावा. पण यादवांनी तेथेही पाठ सोडली नाही आणि १२६५ च्या सुमारास सोमेश्वर समुद्रात बुडून मरण पावला.

ही हकीकत आपल्याला कळते ती यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या लेखणीतून. हेमाडपंती देवळांना ज्याचे नाव लागले तोच हा. सोमेश्वर समुद्र तरून जाण्यात पटाईत असूनही सैन्यासह बुडाला. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याला समुद्रातला वडवाग्नी बरा वाटला, असे तो खोचकपणे सुचवितो. हे जेत्याच्या पदरच्या माणसाचे बोलणे! हरलेल्याच्या बाजूने लिहिणारा कोणी उरला नाही. मला तर यात निराळीच गोष्ट दिसते. शत्रूपुढे शरण न जाता तो आपल्या ओळखीच्या पाण्यात शिरला, हे हेमाद्रीलाही लपविता आले नाही.

बोरिवलीजवळ एकसर येथे सहा वीरगळ आहेत. त्यांतील काहींवर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे आणि लढणारे वीर कोरले आहेत. काही अभ्यासक ती लढाई सोमेश्वराची मानतात, काहींना ती दोनशे वर्षे आधीची वाटते. पुढच्या सुटीत मुलांना तेथे घेऊन जा. दगडावरली वल्ही मोजायला त्यांना आवडेल.