नवजात अर्भकातील विथड्रॉवल
गरोदरपणात आईने नियमित घेतलेले हेरॉइन, मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन यांसारखे अफूवर्गीय पदार्थ वारेतून गर्भात पोहोचतात. नाळ कापताच हा पुरवठा एकाएकी तुटतो आणि बाळाची चेतासंस्था बिथरते; हेच विथड्रॉवल. बाळ कर्कश रडते, थरथरते, अंग ताठ करते; त्याला लागोपाठ शिंका-जांभया येतात, उलट्या व पातळ शी होते. भूक असूनही त्याला दूध ओढता येत नाही. क्वचित झटकेही येतात. हेरॉइनचा परिणाम बहुधा पहिल्या 24 तासांत दिसतो. मेथाडोन शरीरात रेंगाळत असल्याने लक्षणे दोन-तीन दिवसांनी किंवा त्याहून उशिरा उमटतात. त्यामुळे बाळ पहिल्या दिवशी शांत दिसले म्हणून लगेच घरी पाठवत नाहीत. रक्तातील साखर कमी होणे किंवा जंतुसंसर्ग यांतही अशी लक्षणे दिसतात, ती शक्यता आधी तपासावी लागते.

अमेरिकी बालरोगतज्ज्ञ लॉरेटा फिनेगन यांनी 1975 मध्ये लक्षणांना गुण देण्याची पद्धत मांडली. दर तीन-चार तासांनी गुण मोजायचे आणि ते लागोपाठ 8 किंवा अधिक आले की मॉर्फिन हे अफूवर्गीय औषध सुरू करायचे, हा रिवाज त्यातून जगभर रुजला. त्याने उपचारांना शिस्त आली, पण बाळे अतिदक्षता विभागातील प्रखर उजेडात, गोंगाटात आणि आईपासून दूर राहिली. शिवाय गुण शिंकांनाही मिळत, आणि शिंका तर धडधाकट बाळालाही येतात!

येल न्यू हेवन बालरुग्णालयात मॅथ्यू ग्रॉसमन व सहकाऱ्यांनी गुणांऐवजी प्रश्न तीनच ठेवले: बाळ पुरेसे पिते का, तासभर झोपते का, दहा मिनिटांत शांत होते का? आईला बाळाजवळच ठेवले. मंद उजेड, दुपट्यात गुंडाळणे, उघड्या छातीशी धरणे आणि थोडेथोडे पाजणे हेच पहिले औषध ठरले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार रुग्णालयातील सरासरी मुक्काम 22.4 दिवसांवरून 5.9 दिवसांवर आला आणि मॉर्फिन लागणाऱ्या बाळांचे प्रमाण 98 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर उतरले. अमेरिकेतील 26 रुग्णालयांच्या चाचणीनेही 2023 मध्ये या पद्धतीला दुजोरा दिला.

एवढ्याने न भागल्यास मॉर्फिन, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देऊन मात्रा हळूहळू उतरवतात. अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम उलटवणारे नॅलोक्सोन मात्र टाळतात. त्याने झटके येऊ शकतात. पूर्वी कापूरमिश्रित अफूचा अर्कही वापरला जाई. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आया बाळ झोपून राहावे म्हणून देत ती अफूची बाळागोळी निराळी; तिचा हेतू उपचाराचा नव्हता.

आईचे व्यसनावरील उपचार म्हणून मेथाडोन वा ब्युप्रेनॉर्फिन नियमित चालू असेल आणि दुसरी नशा नसेल, तर स्तनपानाला सहसा प्रोत्साहन देतात. गरोदरपणी हे उपचार अचानक थांबवणे धोक्याचे असते. अमेरिकेतील काही राज्यांत गर्भारपणातील नशा बालछळ मानली जाते. अशा धाकाने बायका दवाखान्याची पायरीच चढत नाहीत आणि बाळाच्या देखरेखीची तयारी आधी करता येत नाही.