मधली पायरी

सहामाही परीक्षा आटोपून दिवाळीची सुटी लागायच्या बेतात असते, तेव्हा दरवर्षी कोणी ना कोणी पालक शाळेच्या ओसरीवर मला गाठतो आणि विचारतो, "गुरुजी, पोराच्या हाती वाचायला काय द्यावं?" पोर सहा-सात वर्षांचे असले तर माझे उत्तर तयार असते. त्या पालकाला स्वतःसाठी काही हवे असले तरी माझे अडत नाही. पण पोर तेरा-चौदा वर्षांचे असले, की मी कपाटाकडे तोंड करून उगाच किल्ल्या चाचपू लागतो. पुष्कळ दिवस मला वाटे, हा माझ्याच वाचनाचा तोकडेपणा. पुढे जुन्या पुस्तकांचा आणि मासिकांचा नाद लागला, तेव्हा ध्यानात आले की अडखळणारा मी एकटा नाही. अमुक पुस्तक अमक्याने वाचावे असे सांगण्याची जी रीत मराठीत पडत गेली, तिच्यातच एक पायरी बसवायची राहून गेली आहे.

छापखान्यापूर्वी हा प्रश्नच नव्हता. कीर्तनाला आजोबा आणि नातू एकाच घोंगडीवर बसत. बुवांचे आख्यान दोघांना एकच. ज्याला जे झेपेल ते त्याने घ्यावे. नातवाला झोप लागली तरी कोणी रागे भरत नसे. वयाप्रमाणे वाचनाच्या वाटण्या झाल्या त्या छापील पुस्तकाबरोबर, आणि त्याहूनही अधिक शाळेतील इयत्तांबरोबर.

आरंभीची छापील मराठी पुस्तके मुंबई-पुण्यात झाली नाहीत. तंजावरास सरफोजीराजांनी आपल्या छापखान्यात इसापाच्या गोष्टी मराठीत छापविल्या. बंगाल्यात श्रीरामपुरास १८१४ साली 'सिंहासनबत्तिशी' निघाली. पण मराठी मुलासमोर त्याचे म्हणून गोष्टींचे पुस्तक ठेवण्याचे काम खऱ्या अर्थाने मुंबईत सुरू झाले. नेटिव एज्युकेशन सोसायटीचे सेक्रेटरी सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची 'बाळमित्र' व 'इसपनीति' ही दोन्ही पुस्तके १८२८ सालची. यांतले 'बाळमित्र' म्हणजे बेर्कें नावाच्या फ्रेंच लेखकाच्या गोष्टी. मूळ पुस्तक अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतले. ते फ्रेंचातून इंग्रजीत गेले आणि इंग्रजीवरून बापूंनी ते मराठीत आणले. पॅरिसच्या मुलांसाठी लिहिलेला सदुपदेश असा दोन भाषांचे पाणी पिऊन गिरगावात पोचला. बापूंची भाषा मात्र घरगुती, सोपी आणि गोड. त्यांच्या मागून आलेल्या पुष्कळ विद्वानांना ती साधली नाही.

या पुस्तकांची शिफारस मुलांकडे कोण करी? बहुतेक शाळाखाते. पुस्तकाचे मोठे गिऱ्हाईक शाळा, तेव्हा कोणते पुस्तक चालावे हे साहेब ठरवीत. मेजर कँडी यांच्यासारखा परका, पण मराठीची मनापासून चाकरी केलेला माणूस कितीतरी वर्षे शालेय पुस्तकांवर नजर ठेवून होता. प्रौढांच्या ग्रंथांसाठी दक्षिणा प्राइज कमिटी होती. तिचे बक्षीस हीच ग्रंथाची शिफारस. थोडक्यात, पहिल्या पिढीत पुस्तक वरून खाली येई. शिफारस करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे समोरचा वाचक क्वचितच असे. त्याला पुढे जसा वाचक घडवायचा होता तोच तिथे असे. हा दोष नुसता सरकारचा होता असे मात्र समजू नये. आम्ही मास्तर लोक आजही तेच करतो.

मुलांनी आपली सोय दुसरीकडून केली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' १८६१ पासून निघू लागल्या. ते काही बालांचे पुस्तक नव्हे. पण आजतागायत मराठी घरांत ते अनेक मुलांनी वडिलांच्या फडताळातून काढून वाचले आहे. यात मौज अशी, की कृष्णशास्त्री स्वतः शाळाखात्यातले. खात्याच्या माणसाने खात्याबाहेरचा आनंद मुलांना दिला, तोही बहुधा नकळत.

१८६७ साली दोन गोष्टी घडल्या. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारात नोंद करण्याचा कायदा झाला, आणि 'विविधज्ञानविस्तार' मासिक निघाले. नोंदीवरून काय छापले गेले ते कळे. त्यातले वाचावे काय, हे सांगण्याचे काम 'विस्तारा'ने पुढे सत्तर वर्षे केले. आज आपण ज्याला पुस्तक-परीक्षण म्हणतो त्याला मराठीत शिस्त लावणाऱ्यांत या मासिकाचे नाव फार वर घ्यावे लागेल. परंतु त्याचा रोख शिकल्यासवरल्या, जाणत्या वाचकाकडे. मुलांची वाट पाहणारा गृहस्थ निराळाच निघाला.

विनायक कोंडदेव ओक हे शाळाखात्यातले. १८८१ साली त्यांनी 'बालबोध' हे मुलांचे मासिक काढले आणि १९१४ साली देह ठेवीपर्यंत ते चालविले. चालविले म्हणजे अक्षरशः लिहिले. प्रत्येक अंकात एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय आणि किरकोळ माहिती, असा नेमाचा शिधा. आणि तो रांधणारे हात मुख्यतः एकट्या ओकांचे. चारशेच्या वर चरित्रे भरतात आणि कविताही तितक्याच. महिन्याच्या महिन्याला, तेहतीस-चौतीस वर्षे! मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. एक प्रकरण लांबले तर चार दिवस सबबी शोधतो. म्हणून हा आकडा वाचला तेव्हा मी वही मिटून ठेवली होती.

'बालबोधा'ची भाषा स्वच्छ, मजकूर भरीव. दोष सांगायचा तर असा, की त्यातले मूल फारसे खोड्या करीत नाही. थोर पुरुषांच्या रांगेत हात जोडून उभे असते. दुसरी गोष्ट, मासिक चौतीस वर्षांचे झाले, पण त्याचा वाचक मोठा झाला की त्याला ते तिथेच सोडी. १८८१ साली दहा वर्षांचा असलेला वर्गणीदाराचा मुलगा १८८५ साली चौदा वर्षांचा झाला. त्याने आता काय वाचावे? त्याच सुमारास हरि नारायण आपट्यांची पहिली कादंबरी येत होती आणि तिचे नाव होते 'मधली स्थिति'. नावाखेरीज त्या मुलासाठी तिच्यात काही नव्हते. पुढे १८९० साली आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढले. 'बालबोधा'तून मूल एकदम 'करमणुकी'त उडी घेई. मधे काही नाही.

असे का व्हावे, याचा विचार करताना मी फार दिवस लेखकांना बोल लावीत होतो. पण उत्तर वाङ्मयात नसून घरात होते. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणुकी'तून येत असतानाच, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला. त्याने वयाची मर्यादा दहावरून बारा केली आणि तेवढ्यावरून पुण्यात केवढा गहजब उडाला! ज्या समाजात बारा वर्षांच्या मुलीला सून म्हणून नांदायचे आहे, तिथे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीसाठी पुस्तक कोण लिहिणार? ती मूल नव्हतीच. मुलगाही त्या वयाला अनेकदा बोहल्यावर चढून आलेला. बालपण संपले की संसार. कुमारवय जगण्यातच नव्हते, मग ते पुस्तकांच्या फळीवर कुठून येणार?

न्यायमूर्ती रानड्यांचीच गोष्ट घ्या. मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेणारे टिपण त्यांनी १८९८ साली लिहिले. मोठ्या पल्ल्याने पाहणारा तो शिफारसदार. पण त्याच्या पाव शतक आधी, १८७३ साली, त्यांचे लग्न अकरा वर्षांच्या रमाबाईंशी झाले होते, आणि तिला वाचायला ते स्वतः शिकवू लागले. घरातल्या बायकांना ते खपत नसे. हातात पुस्तक दिसले की टोमणे. रमाबाईंनी हे सारे पुढे आपल्या आठवणींत लिहिले. ते पुस्तक १९१० सालचे. रानड्यांच्या टिपणाहून ही दुसरी शिफारस मला थोर वाटते. समोर एकच वाचक, तिचे वय ठाऊक, आणि पुस्तक हाती दिल्याची किंमत दोघांनी रोज मोजायची.

विसाव्या शतकात हे हळूहळू पालटले. १९०६ साली वासुदेव गोविंद आपट्यांनी 'आनंद' काढला; पुढे गोपीनाथ तळवलकरांनी तो दीर्घकाळ सांभाळला. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरविले. कागदोपत्री का होईना, चार-दोन वर्षे मोकळी झाली. त्याच काळात अमळनेरच्या शाळेत साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेले 'छात्रालय दैनिक' काढीत होते. चांगले काय वाचावे हे ते मुलांना रोज लिहून देत. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. हे पुस्तक कोणत्या वयाचे म्हणावे? लहान मूल ते ऐकते, मोठा माणूस ते वाचून डोळे पुसतो. मधल्या वयाचा मुलगा मात्र, माझ्या अनुभवाप्रमाणे, ते आईदेखत वाचीत नाही.

तो काय वाचतो, हे दप्तर तपासले की कळते. माझ्या वडिलांच्या पिढीने भूगोलाच्या पुस्तकात बाबूराव अर्नाळकर लपविले. मास्तरांनी छडी मारली, पण हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाने वाचनाची गोडी किती पोरांना लावली, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ही गोडी ओळखून तिच्यासाठी उजळ माथ्याने लिहिले ते भा. रा. भागवतांनी. त्यांनी ज्यूल व्हर्नच्या सफरी मराठीत आणल्या; आणि फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर बसवून पुण्याच्या रस्त्यांवर सोडला. हा फास्टर फेणे हात जोडून उभा राहत नाही. तो संकटात उडी घेतो, चुकतो, 'टॉक' करतो आणि पुढे जातो. भागवतांनी मुलांसाठी काढलेल्या मासिकाचे नाव 'बालमित्र' होते, हे मला फार आवडते. बापू छत्र्यांचे नाव सव्वाशे वर्षांनी पुन्हा वर आले, पण या खेपेला मित्र खरोखरच मित्र होता. १९७१ साली पाठ्यपुस्तक मंडळाने 'किशोर' मासिक काढले, तेव्हा सरकारदरबारीही या वयाला नाव मिळाले.

प्रौढांसाठी 'ललित' मासिक १९६४ पासून नव्या पुस्तकांच्या वार्ता देत आले; त्यांची काळजी मी करीत नाही. या दिवाळीपूर्वी मी शाळेच्या कपाटात एक कप्पा रिकामा केला. खाली चित्रांची पुस्तके, त्यांत माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर'. वर मोठ्यांची. मधे भागवत, सत्यजित राय यांच्या फेलूदाचे मराठी अनुवाद, आणि पुरंदरे यांनीच संपादिलेल्या 'वाचू आनंदे'चे कुमारगटाचे भाग. जुन्या-नव्या मराठी साहित्यातले उतारे चित्रांसह मांडलेले हे भाग मी सर्वांच्या आधी पुढे करतो. कारण त्यांतला उतारा आवडला की मूल मूळ पुस्तक मागायला आपणहून येते.

गेल्या महिन्यात आठवीतली एक मुलगी अशीच आली. मी भीतभीतच तिला 'पण लक्षात कोण घेतो?' दिले. तीन आठवडे पुस्तक परत येईना. आले तेव्हा तिने एवढेच विचारले, "सर, यमू माझ्याएवढीच होती?" मी होय म्हणालो. मग ती मधल्या कप्प्यापाशी बराच वेळ उभी राहिली. बनेश, फेलूदा, व्हर्नचे दर्यावर्दी असे एकेक पुस्तक काढून तिने पुन्हा ठेवले आणि म्हणाली, "सगळ्यांत मुलगेच आहेत." त्या दिवशी तिने 'रमाबाई रानडे' असे नाव वहीत स्वतःच्या हाताने लिहून तो आठवणींचा ग्रंथ वरच्या कप्प्यातून नेला. अजून परत केलेला नाही.