उष्टा प्याला

साल 1843. मुंबईच्या फोर्टात सुप्रीम कोर्टाबाहेर तुम्ही उभे आहात. चहूकडे पागोटी, उपरणी, घामाचा वास आणि एकाच वेळी बोलणारी पन्नास तोंडं. तुम्ही आलात संभाजीनगरच्या छावणीतून, पावणेदोनशेहून अधिक वर्षं ओलांडून, आणि तुमच्याजवळ एक घरगुती वाटणारा प्रश्न आहे: ख्रिस्ती माणसानं आज खाण्यापिण्याचे धार्मिक निर्बंध पाळावेत का? लेंतात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात, मटण बंद ठेवायचं का? शेजारच्या गणपतीचा मोदक घ्यायचा का? बकरी ईदला आलेला वाटा ठेवून घ्यायचा की परत पाठवायचा?

इथं मात्र प्रश्न उलट्या बाजूनं अंगावर येतो. गर्दीत एकजण दुसऱ्याला म्हणतो, "पोरगं पाद्र्याच्या घरी जेवलंय. आता घरात घ्यायचं कसं?"

पोरगं म्हणजे श्रीपत शेषाद्री, वय जेमतेम बारा. त्याचा थोरला भाऊ नारायण याच वर्षी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला आहे. दोघंही स्कॉटिश पाद्री रॉबर्ट नेस्बिट यांच्या घरी राहिले. धाकट्याचा ताबा मागायला बाप कोर्टात आला आहे. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी निकाल देतात, की मुलगा अजाण आहे, त्याला बापाच्या हवाली करा. कायद्याचं काम इथं संपतं आणि खरा तंटा सुरू होतो. या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं, असं म्हणणाऱ्यांत पुढं आहेत 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर. दुसरा पक्ष बिथरला आहे आणि बाळशास्त्रींनाच धारेवर धरतो आहे.

तुम्ही कान देऊन ऐका. पाद्र्याच्या घरी पोरानं काय खाल्लं, हे कुणीच विचारत नाही. भात असेल, वरण असेल, पाव असेल. कुणाच्या हातचं आणि कुणाच्या शेजारी बसून, एवढीच चौकशी चालू आहे.

आता दोन-तीन दशकं पुढं या आणि निजामाच्या मुलखात उतरा. जालना अजून औरंगाबाद, म्हणजे आजच्या संभाजीनगर, जिल्ह्यातच आहे. त्याचा वेगळा जिल्हा व्हायला 1981 उजाडणार आहे. गावापासून थोड्या अंतरावर बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसते आहे. ती वसवणारे रेव्हरंड म्हणजे तेच थोरले भाऊ, नारायण शेषाद्री. 1854 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. अंगावर पाद्र्याचा काळा झगा असेल असं तुम्हाला वाटलं होतं, पण डोक्याला आपलं साधं पागोटंच आहे. भोवतालची मंडळी बहुतेक आसपासच्या खेड्यांतल्या मांगवाड्यांतली. ज्यांची सावली चुकवून लोक रस्ता बदलत, ती माणसं.

आज प्रभुभोजन आहे. तुम्ही रांगेत बसता. भाकर मोडली जाते, तुकडा हातोहात पुढं येतो. मग प्याला. तुमच्या डावीकडच्या म्हाताऱ्याचे हात थरथरतात; तो एक घोट घेतो, ओठ टेकलेली कड तशीच ठेवून प्याला तुमच्याकडं देतो. कड ओली आहे. आपल्याकडं उष्टं म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. सोवळ्याच्या घरात एका भांड्याला तोंड लागलं तर ते घासून, विसळून, वेळ पडली तर चुलीतल्या राखेनं उजळून घेतात. इथं ब्राह्मणाच्या पोटी जन्मलेला पाळक आणि मांगवाड्यातला शेतमजूर यांच्या मध्ये एकच प्याला आहे, आणि तो विसळण्यासाठी कुणी उठत नाही.

तुम्ही प्या किंवा पुढं सरकवा. तिसरा मार्ग नाही. खाण्यापिण्याबद्दल ख्रिस्ती धर्माचा मूळ नियम कुठला, हे कुठल्याही पोथीपेक्षा या ओल्या कडेवर जास्त स्पष्ट लिहिलेलं आहे.

पण एवढ्यावर निकाल लावून मोकळं व्हायची घाई करू नका. कारण पुढचा मुक्काम इंग्लंडात आहे आणि तिथं हाच नियम उलटा वापरला जातोय.

1880 च्या दशकाचा मध्य. वाँटेजच्या मठातल्या भगिनींच्या छत्राखाली एक मराठी विधवा आपल्या लहानग्या मनोरमेसह राहिली आहे. 1883 च्या सप्टेंबरात तिनं बाप्तिस्मा घेतला. आता ती चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात शिकते आहे. पंडिता रमाबाई. मेजावर पुडिंग येतं. दिसायला गोड, निरुपद्रवी, वर साखरेची चकाकी, आत अंडं. रमाबाई ते खात नाहीत. मांस तर नाहीच नाही.

त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डाइन यांना यात जातीचा जुना गर्व दिसतो. ख्रिस्ती झाल्यावर हे सोवळं कशाला? पत्रापत्री होते. रमाबाईंचं उत्तर तिखट आणि सरळ आहे. जे पाप नाही ते वाडवडिलांचं वळण मी का सोडू? ते सोडल्यानं माझा विश्वास वाढेल, हे कुणी सांगितलं?

तुम्ही बेथेलहून आला आहात, म्हणून तुमचा कल जेराल्डाइनकडं झुकेल. शेवटी सोवळंच ते! पण नीट पाहा. याच बाई पुढं 1889 साली मुंबईत शारदा सदन काढणार आहेत, केडगावात मुक्ती मिशन उभं करणार आहेत आणि दुष्काळात टाकून दिलेल्या मुली गोळा करून त्यांच्यात राहणार आहेत. अंडं न खाणाऱ्या या बाईनं पंगतीतून कुणाला उठवलं? कुणालाच नाही. उलट पुडिंग खाल्ल्याशिवाय तिचं ख्रिस्तीपण पुरं होत नाही असं म्हणणाऱ्यांनी, नकळत का होईना, पुडिंगचाच एक विधी करून टाकला. मांस खाणं ही जर धर्मांतराची परीक्षा झाली, तर ते न खाण्याच्या सक्तीहून वेगळं काय?

आता मोठी उडी घ्या. इ.स. 49 च्या आसपास, सीरियातलं अंत्युखिया शहर. एका घरात यहुदी आणि बिगरयहुदी विश्वासणारे एकत्र जेवताहेत. येशूचा शिष्य पेत्र त्यांच्यात बसला आहे, आनंदानं हात चालवतो आहे. तेवढ्यात यरुशलेमेहून काही कर्मठ यहुदी विश्वासणारे येतात. पेत्र दचकतो. आधी जरा मागं सरतो, मग वेगळा बसू लागतो. त्याचं पाहून सहकारी बर्णबाही उठतो. आपल्याकडच्या लग्नात दूरचे कर्मठ काका आले की यजमानाचे हात जसे आखडतात, तसंच. प्रेषित पौल हे पाहतो आणि सगळ्यांसमोर पेत्राला तोंडावर सुनावतो. पुढं गलतीकरांना लिहिताना तो ही गोष्ट लपवत नाही.

याच काळात यरुशलेमेत मोठी बैठक भरते. बिगरयहुदी लोकांवर मोशेचं सगळं नियमशास्त्र लादायचं नाही, असं ठरतं. लेवीय पुस्तकातली डुकराची, खेकड्यांची, कोलंबीची बंदी त्यांच्या माथी मारली जात नाही. चार गोष्टी मात्र टाळायला सांगितल्या जातात: मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म. गावोगावच्या सभास्थानांत मोशे वाचला जातो, असं कारण तिथंच दिलं आहे. म्हणजे यहुदी भावाला शेजारी बसून घास गिळता यावा, याची ती सोय.

काही वर्षांनी पौल करिंथकरांना आणखी मोकळं सांगतो. कसाईबाजारात मिळतं ते घ्या, चौकशी करत बसू नका. कुणाकडं जेवायला गेलात तर वाढलेलं खा. मात्र कुणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी हात आवरा.

चला, संभाजीनगर. छावणीपासून जालना रोडपर्यंत ख्रिस्ती घरं विखुरलेली आहेत; कुणी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं (सीएनआय), कुणी कॅथलिक, कुणी नव्या मंडळ्यांचं. कॅथलिकांत राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे उपासाचे दिवस; चौदा वर्षांवरच्यांनी मांस टाळायचं, अठरा ते एकोणसाठ वयाच्यांनी जेवणही कमी करायचं. पुण्यात सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी डुकराचं मांस वर्ज्य मानतात आणि त्यांच्यातले पुष्कळ जण शाकाहारी राहतात. दुसरीकडं एखाद्या घरात डुकराच्या मटणाशिवाय नाताळ होत नाही. गल्ली तीच, शेजारी मुसलमान, बौद्ध, हिंदू.

इतकं फिरून आल्यावर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं देता येणार नाही, पण ते गुळमुळीतही नाही. नियम आपल्या पोटाला लावा, दुसऱ्याच्या पाटाला लावू नका. लेंत पाळायचं तर जरूर पाळा. सून पाळत नाही म्हणून तिला मंडळीत खाली बघायला लावू नका. मोदकाबाबत तुमचं मन कचरत असेल तर प्रेमानं नको म्हणा. घेणाऱ्या भावाला मूर्तिपूजक ठरवू नका, आणि न घेणाऱ्याला मागासही म्हणू नका. शेजारच्या चाचीनं ताट पाठवलं तर ते तिनं पाठवलंय, एवढं पुरे. आणि तिला जेवायला बोलवाल त्या दिवशी डुक्कर शिजवू नका. पौलाला यापेक्षा वेगळं काही म्हणायचं नव्हतं.

राहता राहिला उपास. चाळीस दिवस मटण सोडलंत तर पैसे उरतात. यशया संदेष्ट्यानं उपासाची व्याख्या भुकेल्याबरोबर आपली भाकर वाटून खाणं अशी केली आहे. तेव्हा ते पैसे कुणाच्या चुलीपर्यंत पोचले, एवढा हिशेब ईस्टरला मांडा. पोचले नसतील, तर तो उपास नव्हे, नुसती बचत.