कोमोतिनी

ग्रीसच्या ईशान्य भागातील थ्रेस प्रांताचे एक ऐतिहासिक शहर व पूर्व मॅसिडोनिया-थ्रेस या प्रशासकीय विभागाचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या सु. ६७,००० (नगरपालिका क्षेत्रासह, २०११). ऱ्होडोपी पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी, तंबाखू व कापूस पिकविणाऱ्या सपाट मैदानात ते वसले असून त्याच्या उत्तरेस बल्गेरियाची सीमा जवळच आहे. तुर्की भाषेत त्यास ग्युमुल्जिने म्हणतात. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि मुसलमान अशा दोन समाजांची वस्ती एकाच शहरात आजवर टिकून राहिल्याची उदाहरणे ग्रीसमध्ये फार थोडी आहेत. कोमोतिनी त्यांपैकी प्रमुख होय.

रोमनांनी बांधलेला एग्नेशिया मार्ग येथून जात असे. त्याच्या रक्षणार्थ चौथ्या शतकाच्या अखेरीस थीओडोशियस सम्राटाच्या काळी येथे एक लहानसा चौकोनी कोट उभारण्यात आला. त्याच्या तटाचे अवशेष शहराच्या मध्यभागी अद्याप दिसतात. जवळचे मोसिनोपोलिस हेच त्या काळी महत्त्वाचे नगर होते. १२०७ मध्ये बल्गेरियाचा राजा कालोयान याने ते उद्ध्वस्त केल्यावर तेथील रहिवासी या कोटाच्या आश्रयास आले आणि कोमोतिनीच्या वाढीस आरंभ झाला. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑटोमन सेनानी गाझी एव्रेनोस याने हे ठाणे जिंकले. त्याने बांधलेले इमारेत, म्हणजे वाटसरू व गोरगरीब यांच्यासाठी चालविलेले अन्नछत्र, यूरोपातील सर्वांत जुन्या ऑटोमन वास्तूंत गणले जाते. पुढे स्पेनमधून परागंदा झालेल्या ज्यूंचे वंशज कोटाच्या आत राहू लागले, आर्मेनियनांनी आपले चर्च बांधले आणि बाहेर मशिदींभोवती मुसलमानांचे मोहल्ले वाढले. १८९६ मध्ये सलॉनिकाहून इस्तंबूलकडे जाणारा लोहमार्ग पुरा झाल्यावर येथील तंबाखूच्या व्यापारास गती आली.

विसाव्या शतकाच्या आरंभी अवघ्या आठ वर्षांत या शहरावर इतक्या सत्ता आल्या आणि गेल्या, की त्यांची मोजदाद करणेही कठीण व्हावे. १९१२ मध्ये बल्गेरियनांनी ते तुर्कांकडून घेतले. १९१३ च्या उन्हाळ्यात ग्रीक सैन्य आले, पण बूखारेस्टच्या तहाने शहर पुन्हा बल्गेरियाकडे गेले. हा तह न मानणाऱ्या मुसलमानांनी पश्चिम थ्रेसचे स्वतंत्र सरकार स्थापून कोमोतिनी ही त्याची राजधानी केली. ते काही आठवडेच टिकले. त्यानंतर सहा वर्षे बल्गेरियन अंमल होता. १९१९ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या वतीने फ्रेंच सेनापती शार्पी याने कारभार हाती घेतला. त्याच्या सल्लागार मंडळात ग्रीक, तुर्क, बल्गेरियन, ज्यू आणि आर्मेनियन असे सर्व सभासद होते. १४ मे १९२० रोजी शहरात ग्रीक सैन्याने प्रवेश केला.

आजच्या कोमोतिनीची घडण मात्र लोझॅन येथे ३० जानेवारी १९२३ रोजी झालेल्या कराराने ठरविली. या कराराने ग्रीस व तुर्कस्तान यांनी आपापल्या अल्पसंख्याकांची सक्तीने अदलाबदल केली. त्यातून इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळण्यात आले. त्याच वर्षीच्या जुलैमधील तहाने त्यांना शाळा, धर्मसंस्था आणि कौटुंबिक रूढी यांविषयी संरक्षण दिले. तहाने या समाजाची ओळख भाषेवरून नव्हे, तर धर्मावरून ठरविली. त्यामुळे तुर्की बोलणारे, बल्गेरियन वळणाची बोली बोलणारे डोंगराळ भागातील पोमाक आणि रोमा हे सर्व ‘मुसलमान’ या एकाच नावाखाली आले. ऑटोमन साम्राज्यातील धर्मवार समाजरचना ते साम्राज्य लयास गेल्यावर एका यूरोपीय राष्ट्रात अशा रीतीने शिल्लक राहिली, हा इतिहासातील एक विलक्षण योग म्हणावा लागेल. दुसरीकडे, अदलाबदलीतून व युद्धातून आलेल्या पूर्व थ्रेस, आशिया मायनर व पाँटस येथील ग्रीक निर्वासितांनी शहराचा ख्रिस्ती भाग भरून गेला.

ज्यूंना असे कोणतेच संरक्षण नव्हते. १९४१ मध्ये जर्मनीचा मित्र म्हणून बल्गेरियाने थ्रेसचा ताबा घेतला. ४ मार्च १९४३ च्या पहाटे कोमोतिनीतील आठशेहून अधिक ज्यूंना घरांतून बाहेर काढून आगगाडीत चढविण्यात आले. बल्गेरियातून डॅन्यूबमार्गे व्हिएन्ना आणि तेथून ट्रेब्लिंका असा त्यांचा शेवटचा प्रवास झाला. खुद्द बल्गेरियातील सु. ४८,००० ज्यू तेथील लोकमताच्या विरोधामुळे वाचले. व्यापलेल्या प्रदेशातील ज्यूंच्या वाट्यास ते भाग्य आले नाही. कोटातील त्यांचे सिनॅगॉग पुढे अर्धशतक ओस पडून होते व १९९० नंतरच्या दशकात ते पाडण्यात आले.

मुसलमान समाजाची स्थिती ग्रीस-तुर्कस्तान संबंधांच्या चढउतारावर अवलंबून राहिली. मैत्रीच्या काळात, १९५२ मध्ये, तुर्की अध्यक्ष जेलाल बायार यांच्या नावाची माध्यमिक शाळा येथे सुरू झाली. १९५५ मध्ये इस्तंबूलमधील ग्रीकांवर हल्ले झाले, १९७४ मध्ये सायप्रसचा प्रश्न पेटला आणि त्यांचे पडसाद कोमोतिनीत उमटले. जमीन खरेदी, घरबांधणीचे परवाने, इतकेच काय, ट्रॅक्टर चालविण्याचे परवानेही मुसलमानांना मिळेनासे झाले. नागरिकत्व कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने देशाबाहेर गेलेल्या हजारो जणांचे नागरिकत्व काढून घेतले गेले. हे कलम १९९८ मध्ये रद्द झाले. संस्थांच्या नावात ‘तुर्की’ हा शब्द वापरण्यास न्यायालयाने मनाई केल्यावर २९ जानेवारी १९८८ रोजी शहरात मोठी निदर्शने झाली. दोन वर्षांनी त्याच दिवशी मुसलमानांच्या दुकानांची मोडतोड झाली. १९९१ मध्ये शासनाने समान नागरिकत्वाचे धोरण जाहीर केले व नंतर विद्यापीठ-प्रवेशात या समाजासाठी जागा राखून ठेवल्या.

तहाने दिलेले संरक्षण व्यक्तीच्या पायातील बेडीही होऊ शकते, हे कोमोतिनीतीलच एका खटल्याने दाखविले. एका मुसलमान गृहस्थाने ग्रीक दिवाणी कायद्यानुसार मृत्युपत्र करून सर्व मालमत्ता पत्नीस दिली. त्याच्या बहिणींनी त्यास हरकत घेतली आणि मुसलमानांच्या वारशास शरियतच लागू होते, असा निर्णय ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. १९ डिसेंबर २०१८ रोजी यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तो भेदभावाचा ठरविला. तत्पूर्वी, त्याच वर्षाच्या आरंभी, ग्रीसने कायदा करून मुफ्तीकडे जाणे ऐच्छिक केले होते. मुफ्ती कोणी नेमावा, शासनाने की समाजाने, हा वाद मात्र १९९० पासून धुमसत आहे.

ऱ्होडोपी जिल्ह्याच्या लोकसंख्येत मुसलमान सु. निम्मे मानले जातात. ग्रीक जनगणनेत धर्म व भाषा यांची नोंद १९५१ नंतर प्रसिद्ध झालेली नाही. १९९० नंतर पूर्वीच्या सोव्हिएट संघातून आलेल्या पाँटिक ग्रीकांची भर पडली. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या डिमॉक्रिटस थ्रेस विद्यापीठामुळे शहरात तरुणांची वर्दळ असते. त्याची विधिशाखा येथेच आहे. दर मंगळवारी भरणाऱ्या आठवडे बाजारात खेड्यांतील मुसलमान व ख्रिस्ती शेतकरी आपला माल घेऊन येतात. येथील भाजलेले हरभरे, म्हणजे आपले फुटाणेच, तसेच ताजी दळलेली कॉफी व मिठाई प्रसिद्ध आहे. जुन्या पेठेत १८८४ चा घड्याळाचा मनोरा व त्याला लागून येनी मशीद आहे. एव्रेनोसच्या इमारेतीत आता ऑर्थोडॉक्स चर्चचे धार्मिक वस्तुसंग्रहालय आहे.