पहाटे पाच, आखाती प्रमाणवेळ

३१ डिसेंबर २०२५, दुपारी ४. शेवटाला तेरा तास.

डाउनटाउनकडे जाणारे रस्ते टप्प्याटप्प्यानं बंद व्हायला लागले होते. बुर्ज खलिफाचं मेट्रो स्टेशन पाचला बंद होणार, बाकी मेट्रो मात्र सलग ४३ तास धावणार, अशा सूचना सकाळपासून फोनवर येत होत्या. दर वर्षी या दिवशी आमच्या घरात एकच वाद असतो, आतषबाजी बघायला जायचं की नाही. यंदा तो झालाच नाही. बारावीतल्या लेकीनं फर्मान काढलं : जेवण नऊला, गच्ची बाराला, झोप साडेबाराला, गजर पावणेपाचला. पाचला नेटफ्लिक्सवर 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेचा शेवटचा भाग येणार होता.

लॉस एंजेलिसमधले ३१ तारखेच्या संध्याकाळचे पाच म्हणजे दुबईत १ तारखेच्या पहाटेचे पाच आणि पुण्यात साडेसहा. अमेरिकेनं स्वतःची संध्याकाळ बघून वेळ ठरवली आणि आमच्या वाट्याला जवळजवळ ब्राह्ममुहूर्त आला. २०१९च्या मे महिन्यात 'गेम ऑफ थ्रोन्स' संपलं तेव्हाही हेच झालं होतं. सोमवार, पहाटेचे पाच, त्यात रमजान. नवऱ्याच्या ऑफिसातले अर्धे लोक सहरी करून झोपलेच नव्हते आणि दिवसभर उपाशीपोटी त्या शेवटावर भांडत होते. तो सीझन पुन्हा बनवा, म्हणून जगभरातल्या दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या होत्या. त्यामुळे मालिकेचा शेवट हा अपघात असतो, एवढी खूणगाठ मी तेव्हाच बांधली होती.

संध्याकाळी ७. दहा तास.

सासूबाई सांगलीहून दोन महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांना कोणी काही बघत असेल तर आपल्यालाही कळलं पाहिजे असं वाटतं. मेथी निवडता निवडता लेकीनं त्यांना साडेनऊ वर्षांची कथा वीस मिनिटांत सांगितली. अमेरिकेतलं हॉकिन्स नावाचं गाव, नोव्हेंबर १९८३, विल नावाचा मुलगा गायब होतो. प्रयोगशाळेतून पळालेली, केस भादरलेली एक मुलगी त्याच्या मित्रांना सापडते. तिला नाव नाही, हातावर आकडा आहे, अकरा. गावाखाली गावासारखंच दुसरं एक काळोखं गाव. या सीझनमध्ये कळतं की ते खालचं गाव म्हणजे वेगळं जग नव्हेच, तो नुसता पूल आहे. राक्षस येतात ते त्याच्याही पलीकडच्या जगातून.

"म्हणजे मध्येच लटकलेलं. त्रिशंकूसारखं," सासूबाई म्हणाल्या. वर्महोलचं इतकं सुटसुटीत मराठी मी कुठं वाचलेलं नाही.

"आणि हे केलंय कुणी?"

"डफर ब्रदर्स."

"स्वतःच म्हणवून घेतात?"

लेकीला हसू आवरेना. पुढच्या बारा तासांतलं हे शेवटचं हसू.

रात्री ८ ते १०.

इथल्या ग्लोबल व्हिलेजच्या जत्रेत ३१ तारखेला सात वेळा नवं वर्ष येतं. आठला चीनचं, मग थायलंड, बांगलादेश, साडेदहाला भारताचं, अकराला पाकिस्तानचं, बाराला इथलं आणि एक वाजता तुर्कस्तानचं. नणंदेचं कुटुंब तिथं गेलेलं. प्रत्येक देशाच्या नव्या वर्षाला घरच्या ग्रुपवर त्यांचा एक व्हिडिओ येत होता. लेकीनं तो ग्रुप म्यूट केला. पहाटेपर्यंत कोणी काही फोडलं तर बोलणार नाही, अशी तंबी तिनं आधीच देऊन ठेवली होती.

रात्री १०:३०. साडेसहा तास.

भारताचं नवं वर्ष. पुण्याहून दिराचा व्हिडिओ कॉल, मागं फटाके, पुढं पुतण्या. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तोही साडेसहाचा गजर लावून बसणार होता. शुभेच्छा दोन मिनिटांत आटोपल्या आणि भांडणाची पायाभरणी सुरू झाली.

त्याचं म्हणणं, इलेव्हन मेली पाहिजे. पाच सीझन कोणी मुख्य माणूस मरत नाही म्हटल्यावर राक्षसाची भीती कशाची वाटणार? लेकीचं म्हणणं, जी मुलगी जन्मापासून प्रयोगशाळेत वापरली गेली, तिलाच शेवटी सगळ्यांसाठी बळी द्यायचं हा कुठला न्याय?

वातावरण मुळात तापलेलंच होतं. पाचच दिवसांपूर्वी, म्हणजे आमच्या २६ डिसेंबरच्या पहाटे, मधले तीन भाग आले होते. त्यातल्या सातव्या भागाला आयएमडीबीवर इतक्या लोकांनी ठरवून एकेक तारा दिला की आकडा सहाच्याही खाली गेला. निमित्त विलनं सगळ्यांसमोर स्वतःबद्दल दिलेली लांबलचक कबुली. काहींना ती लांबण वाटली, काहींचं पोटच वेगळ्या कारणानं दुखत होतं. तारे देताना कारण लिहावं लागत नाही ही मोठी सोय आहे.

मध्यरात्र. पाच तास.

आम्ही अल नहदाला राहतो. गच्चीवरून ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा सुईएवढा दिसतो, आतषबाजी सुईच्या टोकावर. बिल्डिंगच्या नातूरनं, म्हणजे वॉचमननं, गच्चीची किल्ली आणून दिली होती. शेजारच्या मल्याळी घरातला मुलगा आणि आमची लेक आभाळाकडे पाठ करून उभे. मालिकेतल्या खलनायकाला, व्हेक्नाला, कोण मारणार यावर पैज लागली, एक शोरमा. मुलाचं म्हणणं विल मारणार. लेकीचं म्हणणं इलेव्हन.

१ ते ४. खालच्या रस्त्यावर हॉर्न. मला झोप नाही.

पहाटे ४:४०. वीस मिनिटं.

मी उठले तर सासूबाई आंघोळ करून बसलेल्या, गॅसवर चहा. लेक पांघरुणासकट सोफ्यावर. नवरा, "मला त्यात काही रस नाही," असं म्हणत सगळ्यात चांगली खुर्ची धरून बसला.

४:५८. लेक दर पाच सेकंदांनी बटण दाबतेय.

५:००. पडद्यावर लाल चक्र फिरायला लागलं.

५:०१. फिरतंय.

५:०२. पुण्याहून मेसेज : 'चालू झालं.' लेकीनं फोन उशीखाली कोंबला. नवरा राउटरकडे धावला. चूक आमच्या वायरची की जगाची, कोण सांगणार? २७ नोव्हेंबरच्या पहाटे पहिले चार भाग आले तेव्हा एवढ्या लोकांनी एकदम दार लोटलं की नेटफ्लिक्स काही मिनिटं आडवं झालं होतं.

५:०४. सुरू.

पावणेसहाच्या सुमारास फज्रची अजान झाली. पडद्यावर आठ-दहा माणसं आभाळातल्या भोकातून पलीकडच्या जगात चढून गेली होती. तिथं डोंगराएवढा कोळी होता आणि बाकी मैदान मोकळं. नवऱ्यानं तेव्हाच विचारलं, "बाकीचे राक्षस कुठं गेले? चार सीझन तर बिळाबिळातून निघत होते." लेकीनं शूऽऽ केलं. पण प्रश्न रास्त होता. त्याच सकाळी जगभरातल्या बऱ्याच घरांत तो विचारला गेला. राक्षसांच्या माहेरी जाऊन राक्षसच घरी नाहीत, हे मलाही पटलं नाही.

कोळी पडला. व्हेक्ना अर्धमेला झाला. मग विलची आई जॉयस कुऱ्हाड घेऊन पुढं आली आणि तिनं त्याचं मुंडकं उडवलं. एका घावात नव्हे, चांगले चार-पाच घाव घालून. सासूबाई ताठ बसल्या. "बाईनं मारलं. बरं झालं." त्यांच्या लेखी मालिका इथं संपली होती. त्या देवाला फुलं वाहायला उठल्या. पैजही बुडाली होती. शोरमाचे पैसे मी द्यावेत असं नंतर ठरलं.

सासूबाईंनी बसायला हवं होतं. खरा अपघात पुढं होता.

परतीच्या वाटेवर सैन्य आडवं आलं. खालचं गाव, म्हणजे तो पूल, उडवण्यासाठी बॉम्ब लावलेला, त्याचा काटा म्हणजे प्रिन्सची 'पर्पल रेन' ही तबकडी. ती संपेपर्यंत वेळ. सगळे या बाजूला येतात. इलेव्हन त्या बाजूला दाराशी उभी राहते. विलच्या मित्राला, माइकला, मनातल्या मनात बोलावून घेते, निरोप देते. दार मिटतं. आमच्या खोलीत कोणी हलेना.

मग अठरा महिन्यांनंतर. १९८९, पदवीदान. शेवटी पोरं तळघरात आपला जुना खेळ मांडून बसतात आणि माइक गोष्ट सांगतो : ती गेलीच नाही. दाराशी दिसली ती आकृती खोटी होती, तिच्यासारख्याच प्रयोगशाळेतल्या कालीनं शेवटच्या श्वासात उभी केलेली. खरी इलेव्हन निसटली, दूर कुठंतरी तीन धबधब्यांच्या गावी आहे. ती दिसते. पण दिसते ती माइकच्या गोष्टीत की खरोखर, हे डफर बंधू सांगत नाहीत. बाकीचे एकेक करून म्हणतात, माझा विश्वास आहे.

सातला नुकतंच उजाडलं होतं. सव्वासातच्या आत श्रेयनामावली आली.

७:१५. धडक.

पुतण्याचा मेसेज आधीच येऊन पडलेला : 'फसवलं. धड मारलं नाही, धड जगवलं नाही.'

लेकीचा चेहरा रडून सुजलेला, पण बोटं स्थिर. 'ती जिवंत आहे. सैन्याची यंत्रं चालू होती, त्या आवाजात तिची शक्ती चालत नाही. मग दाराशी उभी असती तर माइकच्या मनात शिरली कशी?'

'आणि कालीला गोळी लागून किती वेळ झाला होता? मेलेली बाई जादू करते?'

'मेली नव्हती. मरत होती.'

'कोणी मरतच नाही या मालिकेत.'

'काली मेली ना! आपल्या नावाची एकच होती, तिला तू मोजतसुद्धा नाहीस.'

मी हे वाचून थबकले. आठ आकड्याची काली, लंडनहून पळवून आणलेली भारतीय वंशाची मुलगी, सगळ्यांच्या हिशेबातून सुटली होती. माझ्याही.

मग नवऱ्यानं ग्रुपवर तिसरीच आघाडी उघडली : एवढे सैनिक मेले, गावाला वेढा पडला होता, आणि दीड वर्षात एकाचीही चौकशी नाही? सैन्याच्या त्या डॉक्टर केचं काय झालं? नणंदेनं ग्लोबल व्हिलेजच्या फोटोखाली लिहिलं, 'कशाबद्दल चाललंय?' दिरानं लिहिलं, 'पोरांनो, अभ्यास करा, १७ फेब्रुवारीपासून बोर्ड आहे.' ७:४१ला लेकीनं 'आमचं घर' हा ग्रुप सोडला.

पोहे होईपर्यंत घरात शांतता. सासूबाईंनी शेवट विचारला. मी सांगितला. मला वाटलं त्या चिडतील. श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेलं माणूस, त्यांना साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण झालेलीच हवी असणार.

त्या बराच वेळ पोह्यांवर खोबरं पेरत होत्या.

"हा इथं आला २००३ला," त्या नवऱ्याकडे हात करून म्हणाल्या. "पहिली दोन वर्षं घरी आला नाही. महिन्यातून एकदा फोन, तोही तीन मिनिटं. बायका विचारायच्या, कसा आहे हो तुमचा? मी सांगायची, मजेत आहे, मोठं घर आहे, समुद्र दिसतो. मला काय ठाऊक? सहा जण एका खोलीत राहत होते, हे मला गेल्या वर्षी कळलं."

नवरा पोहे खाता खाता थांबला. "समुद्र दिसायचा," तो म्हणाला. "गच्चीवरून."

माझं स्वतःचं मत कोणी विचारलं नाही, म्हणून इथं सांगते. पुतण्याच्या तक्रारी बऱ्याचशा खऱ्या आहेत. राक्षस गायब आहेत, सैन्य विरून गेलं आहे, युद्ध घाईत उरकलं आहे. पुढं १२ जानेवारीला आलेल्या माहितीपटात दिसलंच की शेवटच्या भागाची संहिता पुरी होण्याआधी चित्रीकरण सुरू झालं होतं. ते बघितलं नसतं तरी जाणवत होतं. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढलेल्या वाचकाला हे खुपतं. त्यांच्या कथेत पहिल्या पानावर ठेवलेला नियम शेवटच्या पानापर्यंत पाळला जायचा. १९७४मध्ये 'कृष्णविवर' ही पहिली कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावानं स्पर्धेला पाठवली, ती नावाच्या वलयाशिवाय तपासली जावी म्हणून. डफर बंधूंच्या नावाला वलय होतं आणि तपासणारं कोणी नव्हतं. पण ज्या एका गोष्टीवरून घर फुटलं, ती न सांगितलेली गोष्ट, तीच मला सगळ्यात जमलेली वाटली. पुतण्याला प्रेत हवं होतं, लेकीला पत्ता. माइककडे दोन्ही नाही, म्हणून तो गोष्ट सांगतो. ती गोष्ट खोटी ठरवता येत नाही, एवढी काळजी तर लिहिणाऱ्यांनी घेतली.

लेक ऑगस्टमध्ये पुण्याला शिकायला जाणार आहे. हे मी त्या सकाळी कोणाला म्हटलं नाही.

८ जानेवारी, पहाटे ५.

दरम्यान जगाला नवं खूळ लागलं होतं. शेवट खोटा आहे, सगळे अजून व्हेक्नाच्या मोहजालात आहेत, पदवीदानाला पोरं हाताची घडी त्याच्यासारखीच घालून बसलीत, खरा नववा भाग ७ जानेवारीला येणार. याला 'कन्फॉर्मिटी गेट' असं भारदस्त नाव पडलं. त्यांची ७ची संध्याकाळ म्हणजे आमची ८ची पहाट.

सुटी संपून शाळा सुरू झाल्या होत्या, त्यामुळे लेक तशीही पाचला उठते. स्वयंपाकघरात डबा भरत होते तर तिचा फोन वाजला. ग्रुप नव्हे, थेट पुण्याहून. आठ दिवसांनी पहिल्यांदा.

"आला का?" पुतण्या विचारत होता. आवाज झोपेतला.

जो म्हणत होता तिला मारा, तो जागा होता. जी म्हणत होती ती जिवंत आहे, ती बुटांच्या नाड्या बांधत होती.

"नाही आला."

"पाच मिनिटं थांब. मागच्या वेळी तुमच्याकडे उशिरा आला होता."

तिनं फोन स्पीकरवर ठेवला, वेणी घातली, दप्तर घेतलं. तिकडे तो बटण दाबत असल्याचा आवाज येत होता. सासूबाईंनी दोघांच्या वतीनं विचारलं, "आला का रे त्यांचा भाग?"

सहा वाजता लेक लिफ्टपाशी गेली आणि तिथूनच ओरडली, "आई, फोन चालूच आहे. त्याला सांग, तिकडे साडेसात वाजले, कॉलेजला जा म्हणावं."