पोटावारी : श्रम, भाकरी आणि हिशेबाची वही

व्यायामात जे खर्च झाले, ते खाऊन भरून काढावे की तसेच सोडून द्यावे? वजन कमी करू पाहणाऱ्या आजच्या शहरी माणसाचा हा प्रश्न आहे. सुटीच्या दिवशी पुण्याहून निघून तोरणा किंवा राजगड चढून येणाऱ्याच्या मनगटावरचे यंत्र खर्चाचा आकडा दाखवते, आणि पायथ्याच्या गावात पिठले-भाकरीचे ताट समोर येते. आरोग्यविषयक पुरवण्यांनी चार ओळींत निकालात काढावा असा हा प्रश्न वाटतो. आमचे म्हणणे असे की, या प्रश्नाला दीर्घ इतिहास आहे, त्यातील काही महत्त्वाची पाने याच पुणे जिल्ह्यात लिहिली गेली आहेत, आणि ती वाचल्याशिवाय प्रश्नाचा पुरता अर्थ लागत नाही.

आरंभ भाषेपासून करू. भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे तालुके सह्याद्रीच्या कुशीतले. खाचरांत भात, उतारांवर नाचणी आणि वरी, आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखलात वाकून केलेली लावणी, हे इथले परंपरागत जीवन. अशा प्रदेशातल्या मराठीत खाण्याचे शब्द कामाला बांधलेले असतात. न्याहारी बांधावर येते, शिदोरी वाटेसाठी असते. याच शब्दकुळीतला एक शब्द मात्र कडवट आहे : ‘पोटावारी’. पोटावारी राबणे म्हणजे केवळ जेवणाच्या मोबदल्यात राबणे. जेवढे झिजले तेवढे भरून निघाले, शिल्लक काही नाही, असा तो व्यवहार. श्रम आणि अन्न यांचा ताळेबंद बरोबर शून्यावर आणणारा हा शब्द उष्मांकाची कल्पना रूढ होण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

पण ताळेबंद शून्याच्याही खाली गेला तर? १८७६-७७ च्या दुष्काळात हाच प्रश्न राज्यकारभाराचा झाला. डोंगराळ पश्चिम पट्ट्यापेक्षा पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, इंदापूर-भीमथडीकडे, त्या दुष्काळाची झळ फार मोठी होती. सरकारने दुष्काळी कामे काढली : खडी फोडणे, माती वाहणे, तळी-कालवे खणणे. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी प्रदेशांत खास प्रतिनिधी म्हणून पाठवले. १८७४ च्या बिहारमधील टंचाईत मुक्तहस्ते खर्च केल्याबद्दल टेंपल यांच्यावर टीका झाली होती. या वेळी ते काटकसरीचा निर्धार करूनच आले. कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेसे आहेत, असा त्यांचा दंडक. इतिहासात तो ‘टेंपल वेतन’ म्हणून ओळखला जातो.

एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. आजच्या मापाने ते सोळाशेच्या आसपास उष्मांक होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१० साली जड काम करणाऱ्या ६० किलो वजनाच्या पुरुषासाठी ३४९० आणि बैठे काम करणाऱ्यासाठी २३२० उष्मांकांची शिफारस केली होती. म्हणजे टेंपल यांच्या दंडकात बसून राहणाऱ्याचेही पोट भरत नव्हते. मग दिवसभर खडी फोडणाऱ्याचे काय? मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश यांनी नेमका हाच मुद्दा मांडला. जिवंत राहण्यासाठी लागणारे अन्न वेगळे आणि काम करण्यासाठी लागणारे वेगळे, आणि केवळ धान्यावर मजुराचे शरीर टिकत नाही, हे त्यांचे प्रतिपादन. टेंपल आणि कॉर्निश यांचा तो लेखी वाद म्हणजे ‘खर्चलेले परत द्यावे की नाही’ या प्रश्नाची सरकारी आवृत्तीच होय. काही महिन्यांत मद्रासला दंडक बदलावा लागला.

मुंबई इलाख्यात उत्तर मजुरांनी दिले. वेतन कमी करून लांबच्या छावण्यांवर जाण्याचा हुकूम निघताच हजारो मजूर कामे सोडून गेले. उपाशी माणसांनी संप करावा, ही गोष्ट अधिकाऱ्यांना अनाकलनीय वाटली. तिच्यामागे चिथावणी असली पाहिजे, असा त्यांचा तर्क. पण मजुरांचा हिशेब साधा होता. काम करून जेवढे झिजते त्याहून कमी मिळत असेल, तर काम न करता उपाशी राहणे कमी तोट्याचे. गणेश वासुदेव जोशी आणि न्या. रानडे यांच्या पुणे सार्वजनिक सभेने ही बाजू अर्जांतून आणि दुष्काळाच्या वृत्तांतांतून सरकारपुढे मांडली. त्याच वर्षी जोतीराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी पुण्याच्या दक्षिणेला धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालवले, आणि सावित्रीबाईंनी २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नर भागातील ओतूरहून जोतीरावांना दुष्काळाची स्थिती कळवणारे पत्र लिहिले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी टेंपल यांच्या टिपणांशेजारी ते पत्र ठेवून वाचावे. टिपणात माणूस वजनकाट्यावर असतो. पत्रात तो गावात, नात्यांत आणि रस्त्यावर असतो.

टेंपल यांचा अंदाज शरीरशास्त्राच्या कसोटीवर कुठे उतरतो, याचा पुरावा पुढे फार दुरून आला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांवर अर्धउपासमारीचा प्रयोग केला. २४ आठवडे त्यांना रोज सरासरी सोळाशेच्या आतबाहेर उष्मांक मिळत आणि आठवड्याला २२ मैल चालावे लागे. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. अंगात गारठा भरला, मन उदास झाले, दिवसरात्र अन्नाचेच विचार घोळू लागले. ही माणसे तरुण, निरोगी आणि स्वेच्छेने आलेली होती, आणि ती नुसती चालत होती. जवळपास तेवढ्याच अन्नावर दख्खनचा मजूर फावडे-कुदळ चालवावा, अशी अपेक्षा होती.

त्या श्रमांच्या खुणा आजही भोरच्या परिसरात पाण्याच्या रूपाने दिसतात. पूर्वेकडचा दुष्काळ हटवायचा तर पश्चिमेचे पाणी अडवले पाहिजे, या विचारातून नीरा कालव्याची योजना आकाराला आली, आणि त्यासाठी भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण बांधले गेले. त्या वेळी भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. डोंगरांतला पाऊस भोरला अडायचा आणि इंदापूर-बारामतीकडे पिकायचा, अशी ही रचना. उपाशी मजुराला काय द्यावे या वादाचे कायमचे उत्तर, मजुरावर उपाशी राहण्याची वेळच येऊ नये, हे होते. पण ते उत्तर अपुरे ठरले.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा महाराष्ट्रात पुन्हा लाखो माणसे खडी फोडू लागली. या वेळी मात्र कामावर ‘सुकडी’ वाटली गेली. त्या पिढीच्या आठवणींत सुकडी हा शब्द अजून ताजा आहे. मजुरीखेरीज कामाच्या जागी पोषक अन्न देणे म्हणजे, श्रमाने जे झिजते ते भरून देणे ही शासनाची जबाबदारी आहे, हे मान्य करणे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला, म्हणजे टेंपल वेतनानंतर बरोबर शंभर वर्षांनी. तरी एक गाठ सुटली नाही. कामाच्या मोजमापावर मजुरी ठरली की ज्याच्या अंगात कमी बळ, त्याची खोदाई कमी, म्हणून मजुरी कमी, म्हणून भाकरी कमी आणि पुन्हा बळ कमी.

शास्त्रीय वाद मात्र संपला नव्हता, आणि त्याचे केंद्र पुणेच होते. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा अभ्यास मांडला, त्यात दरडोई २२५० उष्मांक ही कसोटी होती. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत दीर्घकाळ संख्याशास्त्राचे काम करून पुण्यात परतलेले पां. वा. सुखात्मे यांनी या पद्धतीवरच आक्षेप घेतला. शरीर हे ठरावीक कोळसा जाळणारे इंजिन नाही. एकाच माणसाचे खाणे आणि खर्चणे दिवसागणिक बदलते, आणि एका मर्यादेत शरीर स्वतःला जुळवून घेते. म्हणून सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित मानू नये, असे ते म्हणत. १९८० च्या दशकाच्या आरंभी दांडेकर-सुखात्मे वाद गाजला. सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनी या विचाराच्या परिणामांबद्दल इशारा दिला : जुळवून घेणे फुकट नसते. खुंटलेली उंची आणि टाळलेले काम हीच त्याची किंमत असू शकते.

आज मागे वळून पाहता, सुखात्मे यांच्या निरीक्षणाचा एक भाग नव्या संशोधनाशी जुळणारा दिसतो. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातील हाड्झा या शिकारी-संकलक लोकांची मोजणी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. दिवसभर चालणाऱ्या या लोकांचा एकूण ऊर्जाखर्च, शरीराच्या आकाराचा हिशेब धरल्यावर, पाश्चात्त्य शहरी माणसांहून फारसा वेगळा निघाला नाही. एकीकडे वाढलेला खर्च शरीर दुसरीकडे काटकसर करून काही अंशी भरून काढते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

आता तोरण्याच्या पायथ्याशी परत येऊ. ६५ किलोचा माणूस सुमारे ७०० मीटर वर चढला, तर शरीराची कार्यक्षमता चतुर्थांश धरून केवळ चढाईचा खर्च सव्वाचारशे उष्मांकांच्या आसपास येतो. नाचणीच्या दोन मोठ्या भाकऱ्यांएवढा. मनगटावरचे यंत्र याहून बरेच वेगळे सांगू शकते : २०१७ मधील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पाहणीत अशा सात यंत्रांपैकी सर्वांत अचूक यंत्राचीही ऊर्जामोजणीतली चूक सरासरी २७ टक्के होती. शिवाय दिवसभराच्या गरजेचा आकडा काढताना व्यायाम आधीच धरला असेल, तर तोच खर्च दुसऱ्यांदा मोजला जातो. म्हणून वजन उतरवणाऱ्याने यंत्राचा आकडा जसाच्या तसा ताटात वाढून घेऊ नये. पण दिवसभराच्या डोंगरभटकंतीनंतर काहीच भरून न काढणे हेही शहाणपणाचे नाही. सतत थकवा, गारठा, चिडचिड आणि मनात सारखे अन्नाचे विचार, ही मिनेसोटाच्या प्रयोगातली लक्षणे दिसू लागली, तर तूट फार झाली असे समजावे.

या साऱ्या इतिहासातून आम्हांला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. शरीर जुळवून घेते हे सत्य आहे. परंतु ते सत्य कोण कोणाला सांगतो, यावर त्याचा अर्थ बदलतो. ज्याच्या घरात धान्य आहे त्याने स्वतःच्या ताटातली भाकरी कमी करणे हा संयम. ज्याच्या हातात दुसऱ्याचे ताट आहे त्याने तीच भाकरी कमी करणे हा अन्याय, मग त्यामागे कितीही शास्त्र असो. टेंपल यांच्या हिशेबातली सर्वांत मोठी चूक बेरजेतली नव्हती. ज्याचे शरीर झिजत होते त्याला वहीत हात घालू दिला नव्हता, ही ती चूक. १८७७ मध्ये काम टाकून निघून गेलेल्या मजुरांनी आपल्या पायांनी त्या वहीत एक नोंद केली. तोरणा उतरून आलेला माणूस आपली वही स्वतः लिहितो, म्हणूनच दुसरी भाकरी घ्यावी की नाही हा त्याचा प्रश्न हलका आहे. ते हलकेपण किती श्रमांनंतर आले, याचे भान ताटावर बसताना असावे.